आधीची मांजर, नंतरची मांजर

आपल्या कथावाङ्मयात मांजर पुष्कळ आहे. दोन मांजरे मात्र शोधावी लागतात. ‘हितोपदेशा’तला दीर्घकर्ण नावाचा बोका गृध्रकूटावरच्या झाडाखाली येतो, तिथे ढोलीत राहणाऱ्या जरद्गव नावाच्या आंधळ्या गिधाडाकडे आसरा मागतो, व्रतवैकल्यांच्या गोष्टी सांगून तो मिळवतो, आणि पक्ष्यांची पिल्ले खाऊन हाडे ढोलीत टाकून निघून जातो. मरतो तो गिधाड. ‘पंचतंत्रा’त चिमणा कपिंजल चरायला दूर गेला असताना त्याच्या बिळात ससा येऊन राहतो, परत आल्यावर घर कोणाचे, आधीच्याचे की आज राहणाऱ्याचे, असा वाद पडतो आणि दोघे निवाड्यासाठी नदीकाठच्या तपस्वी मांजराकडे जातात. निवाडा काय होतो हे सर्वांना ठाऊक आहे. महाबलीपुरमच्या सातव्या शतकातील शिल्पपटातही हा तपस्वी बोका पाय ताठ करून उभा आहे, आणि त्याच्याभोवती आहेत ते उंदीर.

ह्या कथांत एक गोष्ट आम्हांला लक्षणीय वाटते. आधीपासून राहणारा आणि नव्याने येणारा यांच्यातला पेच भारतीय कथाकाराला नीट माहीत होता. घरावरचा हक्क वहिवाटीने ठरतो की ताब्याने, हा प्रश्न त्याने चिमणा आणि सशाच्या तोंडी घातलाच आहे. पण त्या पेचात मांजर नेहमी परकी, आश्रयार्थी, नाहीतर न्यायाधीश. आधीची मांजर आणि नंतरची मांजर समोरासमोर आली तर काय होते, हे पाहण्याची गरज ह्या परंपरेला पडलेली दिसत नाही. ह्याचे कारण कथाकारांच्या निरीक्षणातील उणीव असे आम्ही मानत नाही. तो प्रसंग घडण्यासाठी जे घर लागते ते घरच तेव्हा नव्हते.

मांजराला बंद करता येईल असे घर, असे आम्हांला म्हणायचे आहे. वाड्याला ओटी, पडवी, माजघर, परसदार. कौलारू घराला तर आढ्याखालून, खिडकीच्या गजांतून, गुरांच्या गोठ्यातून हव्या तितक्या वाटा. मांजराला आत येऊ न देणे कोणाला शक्यच नव्हते, म्हणून दूधदुभत्याची मडकी वर टांगली गेली. शिंके हा आपल्या स्वयंपाकघरातील एक साधा जिन्नस वाटतो, पण इतिहासाच्या दृष्टीने तो एक कबुलीजबाब आहे: मांजर येणारच, तेव्हा मडके हलवा. अशा घरात ‘नवी मांजर आणली’ ह्या वाक्याला फारसा अर्थ उरत नाही. मांजर आपली पिल्ले सात घरे फिरवते, असा आपल्याकडे समज आहे. म्हणजे घर निवडण्याचा अधिकार लोकसमजुतीने मांजरीकडेच ठेवलेला होता. नवी आली, जुनीला ती खपली नाही, तर दोघींपैकी एक शेजारच्या वाड्यात गेली. रात्री कौलांवर जो आरडाओरडा होई तो माणसांच्या झोपेपुरता प्रश्न होता.

युरोपातही ह्याहून निराळे नव्हते. चॉसरच्या ‘कॅन्टरबरी टेल्स’मधील गिरणीवाल्याच्या गोष्टीत नोकर भाडेकऱ्याच्या बंद खोलीत डोकावतो ते दाराच्या फळीत अगदी खाली असलेल्या, मांजराच्या येण्याजाण्याच्या भोकातून. इंग्लंडमधील एक्झिटर कॅथीड्रलच्या एका जुन्या दाराला असे गोल भोक आजही पाहायला मिळते. न्यूटनने मोठ्या मांजरासाठी मोठे आणि पिल्लासाठी लहान अशी दोन भोके पाडून घेतली, ही तर निव्वळ दंतकथा. परंतु बुद्धिमंताची फजिती सांगणाऱ्या ह्या दंतकथेतही घराला मांजरासाठी वाट असणे गृहीतच धरलेले आहे.

ही वाट बंद कधी झाली? एक तारीख देता येणार नाही, तरी काही टप्पे दिसतात. १३ जुलै १८७१ रोजी लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये हॅरिसन वीअर यांनी मांजरांचे प्रदर्शन भरवले. मांजर ही पाहण्याची, जोपासण्याची आणि ‘जाती’ची वस्तू ठरू लागल्याची ती खूण. पण प्रदर्शनाने दार बंद झाले नाही. दार बंद केले ते मातीने. १९४७ साली अमेरिकेतील मिशिगन राज्यात एडवर्ड लो ह्या तरुणाकडे एक शेजारीण मांजरासाठी वाळू मागायला आली. त्याने तिला वाळूऐवजी शोषक मातीचे दाणे दिले. कारखान्यांतील तेलाचे डाग टिपण्यासाठी विकली जाणारी ती फुलर्स अर्थ, म्हणजे आपली मुलतानी माती. लोने पुढे तीच पिशव्यांत भरून ‘किटी लिटर’ ह्या नावाने विकली. हा उद्योग आम्हांला बाष्पयंत्राइतका थोर वाटतो असे नाही. पण मांजर चोवीस तास चार भिंतींत राहू शकते ही कल्पना त्यामुळे व्यवहारात आली. सोबत प्राण्यांच्या दवाखान्यातील निर्बीजीकरणाची शस्त्रक्रिया रुळली, शहरांत मजल्यावर मजले चढले. आपल्याकडे मुंबई-पुण्याच्या सदनिकांत हे सारे काही दशकांनी आले. आणि मग, ज्या मांजराला बाहेर जायला वाट नाही तिच्या समोर एक दिवस दुसरी मांजर बास्केटमधून बाहेर काढली जाऊ लागली.

ह्या प्रसंगाचे पहिले थोर वाङ्मयीन साक्षीदार म्हणून आम्ही डोरिस लेसिंग यांचे ‘पर्टिक्युलरली कॅट्स’ हे १९६७चे छोटे पुस्तक पुढे करू इच्छितो. लेसिंग यांचे नाव घेतले की ‘द गोल्डन नोटबुक’ (१९६२) आणि २००७चे नोबेल एवढेच आठवते. विद्यापीठीय अभ्यासात हे पुस्तक क्वचितच शिरते. ते मांजरांवर आहे, हेच बहुधा त्याच्या उपेक्षेचे कारण असावे. वस्तुतः ते दोन घरांवरचे पुस्तक आहे, आणि ह्या दोन घरांमधला फरक हाच आमच्या दृष्टीने त्याचा विषय आहे.

पहिले घर दक्षिण ऱ्होडेशियातील, म्हणजे आजच्या झिम्बाब्वेतील, शेतावरचे. तिथे मांजरे येत, वीत, रानात जात, रानटी होऊन परतत. त्यांची एकमेकींशी ओळख करून देण्याचा प्रश्नच नव्हता. प्रश्न होता तो संख्येचा, आणि त्याचे उत्तर आईकडे होते. पिल्ले बुडवण्याचे काम ती वर्षानुवर्षे करत आली होती. एका वर्षी तिने ते नाकारले. काही बोलली नाही, नुसते करायचे थांबवले. मांजरे वाढून चाळीसच्या घरात गेली, आणि ती घराबाहेर गेलेली असताना वडिलांनी त्यांचा निकाल लावला: आधी क्लोरोफॉर्मने, ते जमेना तेव्हा एका खोलीत कोंडून, पहिल्या महायुद्धातल्या आपल्या रिव्हॉल्व्हरने. हे पृष्ठ वाचताना अंगावर काटा येतो, आणि लेसिंग यांनी ते आवाज न चढवता लिहिले आहे. उघड्या घराच्या स्मृतीने हळवे होणाऱ्या आमच्यासारख्यांनी ते अवश्य वाचावे. वाड्यातही पिल्ले पोत्यात घालून नदीपलीकडे सोडली जातच होती. उघडे घर मांजराला वाट देत होते. तिच्या पिल्लांचा हिशेब मात्र कोणीतरी, बहुधा घरातली एखादी स्त्री, गुपचूप मिटवत होती.

दुसरे घर लंडनचे. १९४९ साली लेसिंग तिथे आल्या त्यानंतरच्या वर्षांतले. इथे आधी करडी मांजर येते: अर्धी सयामी, देखणी, आपल्या देखणेपणाची पुरती जाणीव असलेली. मग काळी येते. दोघींना पुस्तकात पाळीव नावे नाहीत; ‘करडी’ आणि ‘काळी’ एवढेच. ह्या दोघींमध्ये जे चालते ते बव्हंशी एका पलंगावर चालते. कोणी कुठे झोपायचे, कोणी आधी यायचे, कोणी आल्यावर कोणी उठून जायचे, बशीपाशी कोणाची पाळी आधी. रक्तपात फारसा नाही. आहे ती नजर रोखणे, पाठ फिरवणे, काही दिसलेच नाही असे दाखवत अंग चाटत बसणे. काळीला पिल्ले होतात, आणि मातृत्वाच्या कामात ती करडीहून कितीतरी सरस ठरते. त्या दिवसांत घराचा नकाशा बदलतो. मग काळी मरणाच्या दारात जाऊन येते. लेसिंग तिला थेंबाथेंबाने पाणी पाजत, बळजबरीने जगवतात, आणि नकाशा पुन्हा बदलतो. दोघींतले पारडे एका बाजूला कायमचे झुकले असे कधीच होत नाही.

आता ह्याच सुमारास जर्मनीत काय चालले होते ते पाहू. कोनराड लोरेन्झ यांच्या परंपरेतले प्राणिवर्तनशास्त्रज्ञ पाउल लायहाउझेन यांनी मांजरांच्या वर्तनावरचा आपला प्रबंध १९५६ साली प्रसिद्ध केला होता. वोल्फ ह्या सहकाऱ्याबरोबरचा, पाळीव मांजराच्या मुलखाविषयीचा निबंध १९५९चा. आणि एकेकट्या राहणाऱ्या सस्तन प्राण्यांच्या समाजरचनेवरचा त्यांचा इंग्रजी लेख १९६५चा, म्हणजे लेसिंग यांच्या पुस्तकाच्या दोनच वर्षे आधीचा. कोंबड्यांच्या टोचण्याच्या क्रमावरून प्राण्यांची उतरंड मांडण्याचा तो काळ. लायहाउझेन यांना मांजरांत अशी एकसलग उतरंड आढळली नाही. मुलूख त्यांना एकमेकांवर पसरलेले दिसले, पायवाटा सामाईक दिसल्या, फक्त त्या वापरण्याच्या वेळा निरनिराळ्या. दोन मांजरे वाटेवर भेटली तर बसून राहत, एकमेकींकडे पाहत, दुसरीकडे पाहत, आणि कोणीतरी एक आधी निघे. कोण वरचढ, हे कुठे आणि कोणत्या प्रहरी ह्यावर अवलंबून होते. सकाळी जिने वाट सोडली तीच संध्याकाळी ती अडवून बसे.

दोघांनी एकमेकांना वाचले होते असे सुचवण्याचा आमचा हेतू नाही. मुद्दा असा की शास्त्रज्ञाने शेताच्या वाटेवर जे टिपले तेच कादंबरीकर्तीने पलंगाच्या पायथ्याशी टिपले: मांजरांत सत्ता ही व्यक्तीला चिकटलेली नसते, ती जागेला आणि वेळेला चिकटलेली असते. नवी मांजर घरात येते तेव्हा आधीचीपुढे ‘तू मोठी की मी मोठी’ असा प्रश्न नसतो. तिच्या दिवसाचे वेळापत्रकच मोडलेले असते. दुपारचे ऊन पडते ती खिडकी, रात्रीची उशी, मातीच्या ट्रेकडे जाणारा बोळ, हे सगळे नव्याने वाटून घ्यायचे असते, आणि तेही निघून जाण्याचा पर्याय नसताना.

लेसिंग यांच्यावर मानुषीकरणाचा आक्षेप घेता येईल. करडीला त्या राजकन्या म्हणतात, नखरेल म्हणतात, तिच्या मत्सराविषयी लिहितात. आक्षेप अगदीच निराधार नाही. पण पुस्तक बारकाईने वाचले तर नामे आणि विशेषणे माणसांची असली तरी क्रियापदे मांजरांची आहेत, हे ध्यानात येते: थबकते, वळते, हुंगते, खाली उतरते, वाट पाहते. निर्णय क्रियापदांवर होतो. हीच तुलना २०१६च्या उन्हाळ्यातील ब्रिटिश वृत्तपत्रांशी करून पाहावी. पंतप्रधानांच्या निवासस्थानी २०११पासून राहणारा लॅरी आणि त्या वर्षी शेजारच्या परराष्ट्र खात्यात आलेला पामर्स्टन ह्या दोन बोक्यांच्या मारामारीची वर्णने युद्ध, मुत्सद्देगिरी आणि सत्तास्पर्धा ह्या शब्दांनी भरलेली होती. तिथे क्रियापदेही राजकारणातली. विनोद झाला, बोके दिसले नाहीत.

मराठी वाचकाला येथे व्यंकटेश माडगूळकरांचे ‘सत्तांतर’ (१९८२) आठवल्याशिवाय राहणार नाही. वानरांच्या टोळ्यांतील मुलूख, आधीचा नर आणि चाल करून येणारा नर ह्यांचे इतके संयमी चित्रण आपल्या भाषेत दुसरे नाही. पण त्या पुस्तकाचे शीर्षक वानरांना शोभते, मांजरांना शोभणार नाही. वानरे टोळीने राहतात; तिथे एक जागा असते आणि ती कोणीतरी हिसकावतो, मग बाकीच्यांचे आयुष्य पालटते. मांजरांत हिसकावण्याजोगी अशी एकच जागा नसते. आम्हांला वाटते, नव्या मांजराच्या आगमनाकडे आपण ‘सत्तांतर’ म्हणून पाहतो ती वानरांची सवय आहे, आणि आपण शेवटी वानरांचेच नातलग. कुत्र्यांत किंवा माकडांत भांडणानंतर समेटाच्या खुणा दिसतात, तशा मांजरांत फारशा आढळत नाहीत. त्यांच्याकडे समेटापेक्षा टाळण्याची कला आहे. २००७ साली ‘सायन्स’मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय संशोधनाने आपल्या घरच्या मांजराचा उगम पश्चिम आशियातील एकटीदुकटी शिकार करणाऱ्या रानटी मांजरात दाखवला, ज्या प्राण्याने पूर्वी भांडण संपवले ते दूर जाऊन, त्याला भांडण मिटवण्याची भाषा फुलवण्याचे कारण पडले नसावे.

अर्थात मांजर अगदीच असामाजिक आहे असेही नाही. १९७०च्या दशकाच्या अखेरीस डेव्हिड मॅकडोनल्ड आणि पीटर ॲप्स यांनी इंग्लंडमधील डेव्हन परगण्यातल्या एका शेतावरची मांजरे पाहिली, तेव्हा नात्यातल्या माद्या एकमेकींची पिल्ले सांभाळताना, पाजताना आढळल्या. मात्र हे सख्य नात्यातले. परकी मांजर आली तर तिला हुसकले जाई, आणि तिचा शिरकाव झालाच तर काठाकाठाने, फार सावकाश.

नाते कशावरून ओळखायचे? वासावरून. गाल, हनुवटी, शेपटीचे मूळ येथील ग्रंथींचा गंध मांजरे वस्तूंवर आणि एकमेकींवर घासतात. एकत्र राहणाऱ्या मांजरांचा मिळून एक सामाईक गंध तयार होतो, आणि तो ज्याच्या अंगाला नाही तो परका. १९९०च्या दशकात फ्रान्समध्ये पात्रिक पाजा यांनी गालांच्या ग्रंथींतील फेरोमोन वेगळी काढली, आणि त्यांची कृत्रिम नक्कल बाजारात आली. आज जाणकार सांगतात ती पद्धत ह्या ज्ञानावर उभी आहे: नवीला प्रथम वेगळ्या खोलीत ठेवावे, एकीच्या अंगावरून फिरवलेले फडके दुसरीच्या जागेत ठेवावे, बंद दाराच्या दोन्ही बाजूंना दोघींची जेवणे मांडावीत, मग फटीतून दर्शन, मग थोडा वेळ एका खोलीत, आणि हे सगळे दिवसांच्या नव्हे, आठवड्यांच्या हिशेबाने. बश्या, पाण्याची भांडी, मातीचे ट्रे, उंचावरच्या जागा एकीपेक्षा अधिक आणि एकमेकींपासून दूर असाव्यात, असे पशुवैद्यांच्या संघटनांच्या २०१३च्या मार्गदर्शिकेत नमूद आहे. नीट पाहिले तर ही सारी खटपट म्हणजे बंद सदनिकेत वाड्याची पडवी आणि परसदार पुन्हा उभारण्याची खटपट आहे.

‘परिचय’ ह्या आपल्या शब्दाच्या पोटात ही पद्धत पूर्वीपासूनच आहे. संस्कृतात त्याचा धातू ‘चि’, म्हणजे साठवणे, रचणे; ‘परिचय’ म्हणजे भोवताली साठत जाणे, आणि पुनःपुन्हा केल्याने होणारा सराव हाही त्याचा एक अर्थ. हस्तांदोलन करून, नाव सांगून होणारी ओळख हा त्याचा अलीकडचा, माणसांच्या दिवाणखान्यातला अर्थ. नवीला उचलून आधीचीच्या तोंडासमोर धरणारा माणूस ह्या दुसऱ्या अर्थाने वागत असतो, आणि बहुधा ओरबाडून घेतो.

लेसिंग यांनी पुढे मांजरांवर आणखी लिहिले. म्हाताऱ्या बोक्यावरचे ‘द ओल्ड एज ऑफ एल मॅग्निफिको’ २०००चे. मधल्या काळातली रूफसची हकीकत आमच्या विषयाला अधिक जवळची. हा नारिंगी रंगाचा, बेवारस, आजारी, सतत तहानलेला बोका. घरात दोन बोके आधीच होते आणि तिसरा घेण्याची कोणाची इच्छा नव्हती. म्हणून त्याला आत घेतले गेले नाही. बाहेर पाणी ठेवले गेले, मग खाणे, मग निजायला जागा. थंडी वाढली तसा तो एकेक उंबरा ओलांडत आत आला. कोणत्याही मार्गदर्शिकेशिवाय, केवळ घरच्यांच्या नाखुशीमुळे, आधीच्या दोघांना त्याच्या वासाची सवय व्हायला जेवढा वेळ लागतो तेवढा मिळाला. त्यांची पुढे गाढ मैत्री झाली, असे लेसिंग कुठेही लिहीत नाहीत. रूफसने आपल्यासाठी एक जागा मिळवली, तिच्यावर बसून तो मोठ्याने गुरगुरत असे, आणि ते दोघे आपापल्या जागांवरून त्याच्याकडे पाहत.